पानाकडून प्रवाहाकडे : अंकीय ग्रंथाच्या मांडणीचा इतिहास आणि मराठी मजकूर

सारांश

एकच अंकीय ग्रंथ संगणक, वाचनयंत्र आणि भ्रमणध्वनी या सर्वांवर नीट वाचता यावा, यासाठी १९७१ पासून जे प्रयत्न झाले त्यांचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. या प्रयत्नांचे मुख्य सूत्र मजकुराची संरचना आणि त्याचे दृश्य रूप यांना परस्परांपासून वेगळे करणे हे होते. मराठीच्या बाबतीत हे विलगीकरण उशिरा झाले, कारण १९९० नंतरच्या दशकांत मराठी अक्षरेच दृश्य रूपात साठवली गेली. या विलंबाची कारणे, त्याचे परिणाम आणि देवनागरी मजकुराच्या प्रवाही मांडणीतील विशिष्ट प्रश्न यांची चर्चा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : अंकीय ग्रंथ, प्रवाही मांडणी, ईपब, पीडीएफ, युनिकोड, देवनागरी, सुगम्यता

१. प्रस्तावना

ग्रंथ म्हटला की पान डोळ्यांसमोर येते. पानाची लांबीरुंदी, समास, ओळींची संख्या, अक्षरांचे वळण आणि आकार हे सारे मुद्रक ठरवतो आणि प्रत छापून झाल्यावर त्यात बदल संभवत नाही. अंकीय ग्रंथाच्या बाबतीत ही निश्चिती नाहीशी झाली. एकच ग्रंथ एक वाचक टेबलावरील संगणकाच्या रुंद पडद्यावर वाचतो, दुसरा सहा इंची वाचनयंत्रावर आणि तिसरा तळहाताएवढ्या भ्रमणध्वनीवर. दृष्टी मंदावलेला वाचक अक्षर दुप्पट मोठे करून घेतो, तर दृष्टिहीन वाचक तोच मजकूर ध्वनिरूपात ऐकतो. या सर्वांच्या गरजा एकाच ग्रंथाने कशा भागवाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु मजकूर म्हणजे नेमके काय आणि त्याचे रूप म्हणजे काय, हा ग्रंथविद्येतील जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

मराठीच्या अध्यापक-संशोधकांना या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. गेल्या तीन-चार दशकांत मराठीत जे जे छापले गेले, ते बहुतेक सर्व आधी संगणकावर जुळवले गेले. म्हणजे ते अंकीय स्वरूपात अस्तित्वात होते. तरीही त्यातील फार मोठा भाग आज शोधता येत नाही, नव्या उपकरणांवर नेता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला ऐकताही येत नाही. असे का घडले, याचे उत्तर अंकीय मांडणीच्या इतिहासात सापडते.

२. पोथी आणि छापील पान

मजकूर पानापासून अलग असू शकतो, ही कल्पना संगणकाबरोबर जन्मली असे मानणे योग्य ठरणार नाही. मुद्रणपूर्व काळात एकाच ग्रंथाच्या प्रती वेगवेगळ्या आकारांच्या पानांवर होत. लेखनिक शब्द न तोडता सलग लिहीत जाई आणि समास आला की शब्दाच्या मध्येही ओळ संपवून पुढच्या ओळीवर जाई. पानाला पान मिळावे अशी अपेक्षाच नव्हती. म्हणून ग्रंथाचा विस्तार पानांवरून मोजला जात नसे. बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरून ग्रंथसंख्या सांगितली जाई. हे माप कोणत्याही आकाराच्या पोथीला सारखेच लागू पडे. संदर्भ देण्याची रीतही अशीच पाननिरपेक्ष होती. 'ज्ञानेश्वरी'चा संदर्भ अध्याय आणि ओवी यांनी, तर 'दासबोधा'चा दशक, समास आणि ओवी यांनी दिला जातो. पाठभेदांमुळे ओवीक्रमांक आवृत्तीगणिक थोडा पुढेमागे होत असला, तरी वाचक योग्य स्थळी पोहोचतो.

मुद्रणाने पान स्थिर केले. १८०५ मध्ये श्रीरामपूर येथून प्रसिद्ध झालेले विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण, १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर छापलेले पंचांग आणि पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागराने घडवलेले सुबक खिळे या टप्प्यांतून मराठी पानाला निश्चित रूप आले. मात्र देवनागरीची जुळणी खिळ्यांना कधीच सोपी गेली नाही. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे एका संचात शेकडो खिळे लागत. स्वरचिन्हांचे भाग वेगळे कापून जुळवण्याची 'डिग्री' पद्धत आणि मात्रेसह पूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर घेण्याची 'अखंड' पद्धत या दोन्ही त्याच अडचणीवरील तोडगे होते. खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी केलेला प्रयत्न आणि नंतर स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेली लिपिशुद्धी यांच्यामागेही मुद्रणयंत्राच्या मर्यादा होत्या. यंत्राला लिपी झेपत नाही म्हणून लिपीनेच बदलावे काय, हा वाद मराठीला त्यामुळे नवा नाही. संगणकयुगात तो वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिला.

३. अंकीय मजकुराच्या दोन वाटा

४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या उपक्रमाचा तो आरंभ होय. हार्ट यांनी निवडलेले स्वरूप अत्यंत साधे होते. त्यात फक्त अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे होती. ठळक, तिरपी अशी वळणे नव्हती, चित्रे नव्हती, पानेही नव्हती. या साधेपणामुळेच ते मजकूर पुढच्या प्रत्येक पिढीच्या यंत्रावर उघडत राहिले. परंतु शीर्षक कोणते, तळटीप कोणती आणि कवितेची ओळ कोठे संपते, हे यंत्राला सांगण्याची सोय त्यात नव्हती.

ही उणीव भरून काढणारा विचार आयबीएम या कंपनीत १९६९ पासून आकार घेत होता. चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले की, मजकुरातील प्रत्येक घटकाला तो 'काय आहे' याची खूण द्यावी आणि तो 'कसा दिसावा' हे वेगळ्या ठिकाणी लिहावे. या विचाराला १९८६ मध्ये एसजीएमएल या आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. १९८७ मध्ये मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन टीईआय हा उपक्रम सुरू केला आणि संशोधित आवृत्त्या, पाठभेद, नाट्यसंहिता व कविता यांच्यासाठी अशा खुणांची तपशीलवार पद्धती घडवली. महाजालावरील एचटीएमएल ही याच कुळातील भाषा. तिच्यासाठी होकन विअम ली यांनी १९९४ मध्ये सुचवलेली आणि १९९६ मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेलेली सीएसएस ही रूपनियमांची भाषा 'काय' आणि 'कसे' यांच्यातील श्रमविभाग पूर्ण करते.

दुसरी वाट नेमकी उलट दिशेने गेली. १९८५ मध्ये आलेल्या पेजमेकरसारख्या आज्ञावलींनी पानाची जुळणी टेबलावरील संगणकावर आणली. त्यानंतर अ‍ॅडोबी कंपनीचे जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या योजनेतून १९९३ मध्ये पीडीएफ हे स्वरूप प्रत्यक्षात आले. कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही मुद्रकावर पान जसेच्या तसे दिसावे, हे त्याचे उद्दिष्ट होते आणि ते पूर्णतः साध्य झाले. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मुद्रणालयाकडे पाठवण्याच्या प्रतीसाठी याहून सोयीचे स्वरूप क्वचितच असेल. पण त्याच्या बलस्थानातच त्याची मर्यादा दडलेली आहे. साडेपाच इंच रुंदीचे पान पावणेतीन इंच रुंदीच्या पडद्यावर बसवले की बारा पॉइंटचे अक्षर सहा पॉइंटचे होते. ते वाचण्यासाठी पान मोठे करावे, तर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावी लागते.

४. वाचनयंत्रे आणि प्रवाही ग्रंथ

१९९८ मध्ये रॉकेट ईबुक आणि सॉफ्टबुक ही दोन वाचनयंत्रे अमेरिकेत बाजारात आली. प्रत्येकाचे ग्रंथस्वरूप वेगळे होते आणि एकासाठी तयार केलेला ग्रंथ दुसऱ्यावर उघडत नसे. प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र आवृत्ती काढणे कोणत्याच प्रकाशकाला परवडणारे नव्हते. या अडचणीतून उत्पादक आणि प्रकाशक एकत्र आले आणि १९९९ मध्ये 'ओपन ईबुक' ही पहिली सामायिक संरचना जाहीर झाली. तिचाच विकसित अवतार म्हणजे २००७ मधील ईपब. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनचे किंडल आले. त्याने मोबिपॉकेट या फ्रेंच कंपनीकडून आलेले वेगळे स्वरूप वापरले. २०११ मध्ये ईपबची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०१७ मध्ये या मानकाची जबाबदारी महाजालाची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे गेली आणि २०२३ मध्ये ईपब ३.३ ला तिची अधिकृत शिफारस लाभली.

ईपबची रचना समजून घेणे अवघड नाही. ती एक संकुचित पेटी आहे. तिच्यात प्रकरणांच्या एचटीएमएल फायली, रूपनियमांची सीएसएस फाइल, चित्रे, गरज असल्यास फाँट, ग्रंथाची नोंद, प्रकरणांचा वाचनक्रम आणि अनुक्रमणिका असते. पान मात्र कोठेच नसते. पडद्याचा आकार आणि वाचकाने निवडलेले अक्षरमान पाहून वाचनयंत्र त्या क्षणी पान घडवते आणि वाचक पुढे गेला की ते मोडते. म्हणूनच अशा मांडणीला 'प्रवाही' म्हटले जाते.

या इतिहासातील एक बाब लक्षणीय आहे. सुरुवातीची यंत्रे नाहीशी झाली. मायक्रोसॉफ्टचे २००० मधील 'रीडर' २०१२ मध्ये बंद झाले. किंडलचे जुने मोबी स्वरूपही मागे पडले आणि २०२२ पासून वाचक आपल्याकडील ईपब फाइल किंडलकडे पाठवू शकतात. संरचनेच्या खुणांसह जे ग्रंथ तयार झाले होते, त्यांचे एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर तुलनेने सहज झाले. ज्यांची जुळणी केवळ दृश्य रूप डोळ्यांसमोर ठेवून झाली होती, त्यांच्यावर नव्याने मेहनत घ्यावी लागली.

५. मराठीची कोंडी : अक्षराऐवजी अक्षराचे चित्र

इंग्रजीत संरचनेचा प्रश्न शीर्षक, परिच्छेद, तळटीप या पातळीवर होता. मराठीत तो त्याही आधी, खुद्द अक्षराच्या पातळीवर उभा राहिला.

भारतीय लिप्यांसाठी संकेतनाची व्यवस्था नव्हती असे नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्टचे कार्य पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक जाहीर झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. या दोन्ही व्यवस्थांचे तत्त्व एकच होते. संगणकाने उच्चारक्रमानुसार वर्ण साठवावेत आणि त्यांचे दृश्य रूप पडद्यावर आणताना जुळवावे.

प्रत्यक्ष मुद्रणव्यवसायात मात्र वेगळेच घडले. पानाची जुळणी करणाऱ्या प्रचलित आज्ञावलींना देवनागरीची जुळणी येत नव्हती. त्यांना फक्त रोमन अक्षरे एकापुढे एक मांडता येत. तेव्हा श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांनी व्यवहार्य मार्ग काढला. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसवण्यात आले. अर्धा क, काना, पहिली वेलांटी, रफार असे हे तुकडे खिळ्यांप्रमाणे शेजारी शेजारी मांडले की पान देखणे दिसे. डिग्री पद्धतीचे खिळेच जणू संगणकात आले होते. या संचांमुळे मराठी वृत्तपत्रे, नियतकालिके आणि ग्रंथ यांची जुळणी कमालीची वेगवान झाली, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

पण संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हता. 'किती' हा शब्द घेतला, तर युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी साठवली जाते. या फाँटमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी साठवली जाई. 'धर्म' या शब्दात युनिकोड ध, र, हलन्त चिन्ह आणि म असा उच्चारक्रम पाळतो. जुन्या फाँटमध्ये ध, म आणि शेवटी रफार असा चित्रक्रम असे. शिवाय प्रत्येक कंपनीची तुकड्यांची वाटणी वेगळी होती. फाँट हाताशी नसेल तर पानावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उमटत असे. असा मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही तो कळत नाही.

प्रवाही ग्रंथात हा दोष अधिकच उघडा पडतो. ईपबमध्ये फाँट समाविष्ट करता येतो, म्हणून जुन्या फाँटमधला मजकूर त्या फाँटसह पेटीत घालणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. प्रथमदर्शनी तो मराठीच दिसेल. परंतु वाचनयंत्र वाचकाला फाँट बदलण्याची मुभा देते. वाचकाने तो बदलला की मराठीचा आभास क्षणात संपतो.

संशोधनाच्या क्षेत्रात याची किंमत मोठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची अंकीय प्रत देणे आवश्यक ठरवले आणि इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या भांडारात प्रबंध जमा होऊ लागले. त्यांतील अनेक मराठी प्रबंध छायाप्रतींच्या किंवा जुन्या फाँटमधील पीडीएफच्या स्वरूपात आहेत. ते डोळ्यांनी वाचता येतात, पण त्यांच्या अंतरंगातील एखादा शब्द शोधून काढता येत नाही. याउलट शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या प्रकल्पात मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती मजकुराच्या रूपात उपलब्ध आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा कोश त्यामुळे कोणत्याही यंत्रावरून शब्दागणिक शोधता येतो. जुना ग्रंथ शोधता यावा आणि कालचा प्रबंध शोधता येऊ नये, ही विसंगती केवळ साठवणुकीच्या पद्धतीतून निर्माण झाली आहे.

६. युनिकोड आणि देवनागरीची जुळणी

२००० मधील विंडोज २००० या प्रणालीने युनिकोड देवनागरीची सोय सर्वसामान्य संगणकावर आणली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा फाँट कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला होता. खिळ्यांच्या परंपरेचा अभ्यास असलेल्या मराठी कलावंताने संगणकाच्या पडद्यासाठी देवनागरी घडवावी, ही घटना या इतिहासात महत्त्वाची मानावी लागेल. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या उपक्रमांमुळे युनिकोडमधील मराठी लेखन महाजालावर रुजले.

युनिकोड मजकूर साठवतो. तो दाखवण्याचे काम फाँट आणि जुळणीयंत्रणा यांना मिळून करावे लागते. 'स', हलन्त चिन्ह, 'त', हलन्त चिन्ह, 'र' आणि दीर्घ ईकार या क्रमातून 'स्त्री' हे रूप घडवण्याचे नियम ओपनटाइप फाँटमध्ये लिहिलेले असतात आणि जुळणीयंत्रणा ते अमलात आणते. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइबने केले. पुढे हार्फबझ ही मुक्त यंत्रणा अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्स यांत वापरली गेली. आरंभीच्या अनेक वाचनयंत्रांत आणि भ्रमणध्वनींत अशी सोय नव्हती. त्यामुळे जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील ग्रंथांना अधिकृत स्थान मिळाले ते २०१६ मध्ये. म्हणजे किंडल आल्यानंतर नऊ वर्षांनी.

इथेही मराठीच्या स्वतंत्र गरजा होत्या. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद गुरू आणि स्वयंपाकी यांच्यातील भेद आहे. रफार आणि अर्धा ऱ यांची नोंद वेगवेगळ्या प्रकारे होते. जुन्या फाँटमधून रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने याचे भान ठेवले नाही, तर अर्थाचा अनर्थ होतो. इंग्रजीतून आलेल्या शब्दांतील अकारावरच्या चंद्रासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्याआधी ते अक्षर अनेक वर्णांच्या जोडणीने लिहिले जाई. त्यामुळे दिसायला एकच असलेला शब्द आजही दोन प्रकारे साठवलेला आढळतो आणि शोध घेताना एक प्रकार निसटतो.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणे ठेवण्याची सोय ओपनटाइपमध्ये आहे. मात्र मजकूर मराठी आहे, ही नोंद ग्रंथाच्या फायलीत असल्याशिवाय यंत्रणेला योग्य वळण निवडता येत नाही. भाषेची ही एका शब्दाची नोंद अनेक मराठी ईपब ग्रंथांत राहून जाते आणि वाचकाला हिंदी वळणाचा मजकूर वाचावा लागतो.

७. प्रवाही मांडणीतील विशिष्ट प्रश्न

पहिला प्रश्न ओळीचा. छापील मराठी पानात दोन्ही समास सरळ राखण्याची रीत आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्याने 'विद्यार्थ्यांबरोबरच्या' किंवा 'महाविद्यालयांमधील' असे लांब शब्द वारंवार येतात. अरुंद पडद्यावर असा शब्द ओळीत मावला नाही की तो सबंध खाली उतरतो. वरच्या ओळीत उरलेल्या शब्दांमधील अंतर ताणले जाते आणि पानावर पांढरे खड्डे दिसू लागतात. शब्द तोडण्याचे मराठी नियम यंत्रणेला ठाऊक नसतील, तर केवळ डावा समास सरळ ठेवणे अधिक वाचनीय ठरते. अक्षरांमधील अंतर वाढवून ओळ भरण्याचा रोमन लिपीतील उपाय देवनागरीत वापरता येत नाही, कारण त्याने शिरोरेखा तुटते.

दुसरा प्रश्न उंचीचा. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय येतो. रोमन अक्षरांसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. हे अंतर पॉइंटांत बांधून न टाकता अक्षराच्या आकाराच्या प्रमाणात लिहिले, तर वाचकाने अक्षर मोठे केल्यावरही तोल राहतो. प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे छापण्याच्या पद्धतीतही असाच धोका संभवतो. 'श्री' यातील केवळ पहिला वर्ण मोठा झाला, तर अक्षरच फुटते.

तिसरा प्रश्न पद्याचा. ओवी, अभंग आणि वृत्तबद्ध कविता यांत ओळीचा शेवट हा अर्थाचा आणि लयीचा भाग असतो. अरुंद पडद्यावर लांब चरण मोडणारच. मोडलेला भाग किंचित आत सरकवून दाखवला, तर नवा चरण कोठे सुरू होतो हे वाचकाला कळते. यासाठी प्रत्येक चरणाला चरण म्हणून खूण द्यावी लागते. रिकाम्या जागा आणि ओळबदल यांनी छापील रूपाची नक्कल केली असेल, तर पडदा बदलताच कवितेची घडी विस्कटते.

चौथा प्रश्न संशोधकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे आणि तो म्हणजे तळटीप व पृष्ठांक. पानच नाही तर तळ कोठला? ईपब ३ मध्ये तळटीपेला तशी खूण देता येते. ती असल्यास अनेक वाचनयंत्रे टीपेच्या क्रमांकाला स्पर्श करताच ती लहान चौकटीत दाखवतात. छापील आवृत्तीत प्रत्येक पान कोठे सुरू होते, याची खूण प्रवाही मजकुरात पेरून ठेवण्याची सोयही या मानकात आहे. अंकीय प्रत वाचणाऱ्यालाही त्यामुळे छापील पृष्ठांकाचा संदर्भ देता येतो. ज्या ग्रंथांची छापील आवृत्तीच नाही, त्यांच्यासाठी प्रकरण आणि परिच्छेद यांना क्रमांक देणे हा सर्वांत टिकाऊ मार्ग आहे. दशक, समास आणि ओवी या क्रमाने संदर्भ देणाऱ्या परंपरेला तो अपरिचित वाटू नये.

प्रत्येक ग्रंथ प्रवाही असलाच पाहिजे, असा मात्र आग्रह धरता येणार नाही. चित्र आणि शब्द यांचे नाते पानावरच्या जागेवर अवलंबून असलेली बालपुस्तके, नकाशासंग्रह किंवा हस्तलिखिताची छायाप्रत आवृत्ती यांना स्थिर मांडणीच योग्य होय. ईपबमध्येही तिची तरतूद आहे. हस्तलिखिताच्या बाबतीत तर पानाचे रूप हाच पुरावा असतो. तेथेही छायाप्रतीच्या जोडीला शोधता येणारा मजकूर असला, तर तिचे मोल वाढते.

८. सुगम्यतेचा प्रश्न

अंध वाचकांसाठी ध्वनिग्रंथांचे सामायिक मानक घडवण्याच्या हेतूने १९९६ मध्ये डेझी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शीर्षकावरून शीर्षकावर, पानावरून पानावर जाता यावे अशी संरचना तिने ध्वनिग्रंथात आणली आणि तिच्या अनुभवाचा मोठा वाटा ईपब ३ मध्ये उतरला. दृष्टिहीनांसाठी ग्रंथांच्या सुगम प्रती करण्यास स्वामित्वहक्काची अडचण येऊ नये, यासाठी २०१३ मध्ये माराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश होता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही शिक्षणातील सुगम्यतेची जबाबदारी संस्थांवर टाकतो.

कायद्याने दिलेला हा हक्क मराठीत प्रत्यक्ष उपभोगता येतो काय, हे अखेर मजकुराच्या साठवणुकीवर ठरते. पडदावाचक आज्ञावली युनिकोड मराठी वाचून दाखवते. जुन्या फाँटमधील मजकूर ती निरर्थक रोमन अक्षरे म्हणून उच्चारते आणि छायाप्रतीपुढे ती मूक होते. अक्षरओळख करणाऱ्या आज्ञावलींनी छायाप्रतीतून वर्ण परत मिळवता येतात हे खरे. पण पानाच्या माथ्यावरील ग्रंथनाम, पृष्ठांक आणि तळटीप हे सारे मुख्य मजकुरात मिसळते आणि ते वेगळे करण्याचे काम माणसालाच करावे लागते. जुळणीच्या वेळी न दिलेल्या खुणा नंतर देणे नेहमीच महाग पडते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

पहिला असा की, उपकरणागणिक ग्रंथ नीट दिसावा यासाठीचे टिकाऊ उपाय उपकरणांच्या मागे धावून सापडले नाहीत. मजकुरातील घटकांना त्यांच्या कार्यानुसार खुणा देण्याच्या तत्त्वातून ते सापडले. रॉकेट ईबुकपासून आजच्या भ्रमणध्वनीपर्यंत यंत्रे बदलली, पण हे तत्त्व टिकून राहिले.

दुसरा असा की, मराठीच्या पिछाडीचे कारण लिपीच्या गुंतागुंतीत शोधणे अपुरे आहे. उच्चारक्रमाने मराठी साठवण्याची व्यवस्था १९९१ पासून उपलब्ध होती. छापील पान देखणे दिसणे हेच एकमेव उद्दिष्ट मानल्यामुळे दोन दशकांहून अधिक काळाचा मजकूर चित्ररूपात अडकून पडला.

तिसरा निष्कर्ष महाविद्यालये आणि त्यांच्या संशोधनपत्रिका यांच्याशी निगडित आहे. प्रबंध आणि शोधनिबंध युनिकोडमध्ये लिहिणे, शीर्षकांसाठी केवळ ठळक अक्षर न वापरता शीर्षकाची खूण वापरणे, भाषेची नोंद करणे आणि पीडीएफसोबत मूळ मजकूर जतन करणे यांसाठी फारसा खर्च येत नाही. जुन्या फाँटमधील फायली अद्याप मुद्रकांच्या आणि लेखकांच्या संगणकांवर आहेत. त्या वाचू शकणारी यंत्रे आणि ते फाँट हाताशी आहेत, तोवरच त्यांचे रूपांतर सुकर आहे. ती नाहीशी झाल्यावर छापील प्रतीवरून पुन्हा अक्षर अक्षर टिपण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

पोथीचा लेखनिक पानाचा आकार पाहून ओळ मोडीत असे, पण ग्रंथसंख्या आणि ओवीक्रमांक यांना धक्का लागू देत नसे. अंकीय ग्रंथाच्या कर्त्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे.